दोन बोटांचं भाषांतर

आमच्या घरात कॉलेज केलेला मी पहिलाच, आणि त्याचा मला माज होता. महाळुंग्याच्या एका कंपनीत एचआरला लागलो. एकदा आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या बाई कामगारांची सुरक्षा तपासायला आल्या. दुभाषा मीच.

पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरच्या, बीडकडच्या एका कामगाराला दोन बोटं नव्हती. बाईंनी कारण विचारलं.

"प्रेसमध्ये गेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर हे लोक माल लवकर निघावा म्हणून बंद ठेवतेत. जसंच्या तसं सांग भावा, कॉलेजातलं काही घुसडू नको."

आमचे मॅनेजर साहेब माझ्या मागेच उभे होते. मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, गावी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली. बाईंनी हळहळून लिहून घेतलं आणि माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं.

चहाच्या सुट्टीत त्यानं मला गाठलं. "सांगितलंस ना सगळं? आता दुसऱ्या कुणाला तसं बसवणार न्हाईत ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

त्यानं उरलेल्या बोटांनी माझा हात दाबला. बाई गेल्या, आणि दुसऱ्या शिफ्टला सेन्सर बंद करूनच प्रेस सुरू झाला.