आईवेगळी कप्तानीण

लाँड्रीवाल्या ताईंनी आपल्या आईला आजवर चार वेळा ठार मारलं, आणि चारही वेळा आई समोरच्याच स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती.

यात पोलिसांनी लक्ष घालावं असं काही नाही. ताई कादंबऱ्या लिहितात. सकाळभर वाफेच्या प्रेसखाली लोकांच्या पँटी सरळ करायच्या आणि दुपारी शटर अर्धं ओढून, चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून व्हिक्टोरिया राणीच्या काळात शिरायचं, हा त्यांचा दिनक्रम. तो काळही शाळेतल्या पुस्तकातला नाही. ताईंच्या जगात वीज कुणाला सापडलेलीच नाही, सगळं वाफेवर चालतं. घोडेसुद्धा पितळी आहेत आणि दमले की शिट्टी मारतात. या धुरकट जगात एक कप्तानीण आपलं वाफेचं विमान घेऊन एकटी हिंडते. डोळ्यांवर पितळी चष्मा, कमरेला पाना, झग्याखाली तुमान. लग्नाची मागणी घालणाऱ्या सरदाराला ती म्हणते, "आधी तो बोल्ट आवळा." त्याला तो आवळता येत नाही, म्हणून ती त्याला वाटेतल्या एका डोंगरावर उतरवून पुढं जाते. कॉलेजच्या मुली या पुस्तकांवर जीव टाकतात. लाँड्रीत मात्र घाम पुसत प्रेस दाबणाऱ्या बाईंनाच विचारतात, "लेखिका आहेत का आत?"

आता अशा कप्तानिणीला आकाशात जायचं, तर घरी आई असून कसं चालेल? आई म्हणजे "कुठं निघालीस", "बरोबर कोण आहे", "पोचलीस की कळव". विमान पहिल्या प्रकरणातच अंगणात गंजायचं. म्हणून ताईंनी पहिल्याच पानावर बॉयलर फोडला आणि आईला त्यात संपवून टाकलं. पुढच्या प्रत्येक पुस्तकाची सुरुवात "आईवेगळ्या कप्तानीणबाईंनी" अशीच, आणि नव्या वाचकाच्या सोयीसाठी तो स्फोट पुन्हा एकदा.

आईला याचा पत्ता नव्हता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चिठ्ठ्या ती सवयीनं, बोटांनी चाचपून टाचायची. नवं पुस्तक आलं की ताई तिला वाचून दाखवायच्या, दुसऱ्या पानापासून.

"पहिल्या पानावर काय असतं गं?"

"प्रकाशकाचा पत्ता," ताई म्हणायच्या, आणि प्रेसपासून लांब असूनही त्यांचे कान तापायचे.

अनेक वर्षं टाळाटाळ केल्यावर आई एकदम ऑपरेशनला तयार झाली. का, तर "तुझी पुस्तकं माझ्या डोळ्यांनी वाचायचीयत." ताई बोलून गेल्या, "इतकी काय घाई आहे?" आईला दिसू नये असं आपल्याला क्षणभर का होईना वाटलं, हे त्यांना उमगलं तेव्हा प्रेसखाली एका वकिलाच्या कोटाची बाही होती. ती तिथंच राहिली आणि करपली.

नवा चष्मा आला. आईनं काउंटरवर पुस्तक उघडलं, पहिल्या पानापासून. ताई वाफेआड उभ्या राहून एका चादरीची घडी घालत राहिल्या. घडीवर घडी करत डबल बेडची चादर उशीएवढी झाली.

"ही मेलेली बाई जांभळा स्वेटर घालते," आई म्हणाली.

"घालतात बऱ्याच बायका."

"तोंडात टाचण्या धरून बोलते."

आईनं तोंडातल्या टाचण्या काढून काउंटरवर ठेवल्या. "आईवेगळी म्हणजे गं?"

"म्हणजे आईपेक्षा वेगळी," ताई म्हणाल्या. "स्वभावानं."

मराठी भाषा संकटात एवढी कुणाच्या मदतीला धावली नसेल. पण आई शेवटी ताईंचीच आई.

"मग बॉयलर फुटून जागच्या जागी ठार कोण झालं? स्वभाव?"

त्यानंतर आई पुस्तकांबद्दल चकार शब्द बोलेना. कुणी "कशा आहात, आजी?" म्हटलं की "गेले मी, पुस्तकात आहे," एवढंच सांगून पावती फाडायची. गिऱ्हाईक ताईंकडे बघायचं. ताई इस्त्रीकडे बघायच्या. त्यांना खरं डाचत होतं ते वेगळंच. ते पान लिहिताना हात जराही अडखळला नव्हता. उलट इतकं मोकळं वाटलं होतं की त्या गुणगुणल्या होत्या, आणि आईनं विचारलं होतं, "आज फार खुशीत दिसतेयस?"

प्रायश्चित्त म्हणून ताईंनी पाचव्या कादंबरीत आईला जिवंत केलं. स्फोटातून वाचलेली आई विमानात चढली. लिहून झालेली प्रकरणं ताईंनी आपणहून आईपुढं ठेवली.

"हे काय?" वाचून झाल्यावर आई म्हणाली. "समोर शत्रूची तोफ, आणि मी विचारतेय मफलर कुठाय?"

"तू विचारतेसच."

"तुला त्या जहाजावरच्या लाँड्रीत नोकरी लागली होती, तेव्हा विचारलं होतं? माळ्यावरची बॅग मी काढून दिली होती. पुसूनसुद्धा. परत कुणी ठेवली?"

ताईंनी ठेवली होती. आईचं कसं होईल, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मग इतकी वर्षं आईचाच राग केला होता, आणि शेवटी तिला बॉयलरमध्ये घातलं होतं. हे सगळं आपल्याला ठाऊक होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

"मला उतरव त्या विमानातून," आई म्हणाली. "सगळी मजा गेली. मारायचं तर मार, माझं काही म्हणणं नाही. पण नीट मार. बॉयलर फुटून म्हणे. सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून बघितल्याशिवाय मी कधी आपल्या लाँड्रीचा बॉयलर पेटवू दिलाय? लोकांना वाटेल, बाई निष्काळजी होती."

तेव्हापासून पाचवी कादंबरी अडली आहे. ताईंच्या हातून आई मरत नाही. ताप आणला तर डॉक्टर वेळेवर पोचतो. कड्यावरून ढकललं तर खाली गवताची गाडी उभी. प्रकाशक रोज फोन करतो आणि ताई त्याला "आईची तब्येत चांगली आहे" असं रडवेल्या आवाजात सांगतात.

दुपारी आई चिठ्ठ्या टाचता टाचता विचारते, "मेले का गं?"

"नाही अजून."

"बघ बाई, लवकर काय ते. मुली खोळंबल्यात."

हे ऐकून परवा एक नवीन गिऱ्हाईक आपला धुतलेला शर्ट न घेताच निघून गेलं.

आणि सकाळी, आई यायच्या आधी, ताई बॉयलरपाशी जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून बघतात. मग आई येते, आणि ताईंवर विश्वास नसल्यासारखी पुन्हा बघते.