वासुदेवभाऊंची अर्धी काठी

शिवणाच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साचतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या मी दिवाळीच्या आधी एकदा पोत्यात भरून बाहेर काढते. किस्से काढायला मुहूर्त लागत नाही, कोणी चहा मागवला की पुरे. बल्लारपुरात माझं दुकान आणि पोचन्नाभाऊचं मोटर वाइंडिंगचं दुकान भिंतीला भिंत लागून आहे. बाहेरच्या बाकावर रोज वासुदेवभाऊ बसतात, पेपर मिलमधून रिटायर झालेले. हे सगळे किस्से त्यांच्या मासे धरायच्या काठीचे.

*

एक दिवस वासुदेवभाऊ आत आले, जयभीम घातला आणि रेशमी दोरा मागितला. मी विचारलं, कोणाच्या ब्लाऊजला? त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर ठेवली. बांबूच्या सहा पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, सहा कोनांची काठी होती. त्यांचे वडील जंगल खात्यातल्या एका साहेबाचे ड्रायव्हर होते. बदली झाली तेव्हा साहेबाने ती त्यांना दिली. आता वार्निश काळं पडून सुटत होतं, आणि दोरा ज्या कड्यांमधून जातो त्या कड्या बांधलेल्या जागी लोंबत होत्या.

पोचन्नाभाऊ बाहेरून म्हणाले, एवढ्या बांबूसाठी एवढी मेहनत? बाजारात फायबरची मिळते.

वासुदेवभाऊ शांतपणे म्हणाले, "पुरी जिंदगी ट्रकच्या ट्रक बांबू मिलमध्ये जाताना पाह्यला. एक काठी वाचवतो म्हटलं तर काय बिघडलं?"

*

वार्निशचं काम पोचन्नाभाऊने अंगावर घेतलं. जुना थर काचेच्या तुकड्याने हळूहळू खरवडला, बारीक पॉलिश पेपर मारला, आणि खाली मधासारखा बांबू निघाला. आम्ही तिघेही बघत बसलो. वासुदेवभाऊ त्यावरून नुसतं बोट फिरवत होते. मग ते जेवायला घरी गेले, आणि पोचन्नाभाऊने हातात जे वार्निश होतं ते लावून टाकलं. मोटरच्या तारांना शॉक लागू नये म्हणून लावतात ते, लालभडक.

वासुदेवभाऊ परत आले तर काठी कुंकवात बुडवल्यासारखी उन्हात उभी. पोचन्नाभाऊचं मराठी सिरोंच्याकडचं, त्यात तेलुगूचा वास. ते काकुळतीने म्हणाले, "भाऊ, आता हे काठी कधीच शॉक नाही मारत."

वासुदेवभाऊंना हसू आलं, म्हणून पोचन्नाभाऊ वाचले. काच पुन्हा हातात घ्यावी लागली.

*

कड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. दोऱ्याचा वेढा वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, मधे फट दिसायला नको. मूळ दोरा हिरवा होता असं वासुदेवभाऊंचं म्हणणं, पण हिरवा म्हणजे कोणता? माझ्या डब्यातले सगळे हिरवे दोरे त्यांनी दारात उजेडाला नेऊन बघितले आणि शेवटी पहिलाच घेतला. मी बांधायला बसले की ते बाकावरून माझ्या हातांकडे बघत राहायचे, त्यामुळे कात्री हातात घेतली तरी मला धडकी भरायची.

त्या दिवसांत एका बाईंचा ब्लाऊज राहून गेला. मुलीच्या लग्नाचा. त्या न्यायला आल्या, घालून बघितला, खांद्यात सैल. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या काठीवर गेली. जवळ जाऊन त्यांनी प्रत्येक कडी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, माह्यापेक्षा काठीची फिटिंग चांगली झाली."

*

काठी सजली, पण अर्धीच होती. हा भाग उशिरा सांगते आहे, कारण वासुदेवभाऊंनीही तो उशिराच सांगितला. वडील गेल्यावर दोन्ही भावांना ती काठी हवी होती. मोठे नामदेवभाऊ, अहेरीला राहतात. वाद वाढला तेव्हा मामाने न्याय केला. काठीला मधे पितळी जोड आहे, तो मामाने उघडला आणि एकेक तुकडा दोघांच्या हातात दिला. बुडखा धाकट्याला, शेंडा मोठ्याला. तेव्हापासून मासा कोणीच धरला नाही आणि दोघं एकमेकांशी बोललेही नाहीत. लग्नात एकाच पंगतीत बसले तरी तिसऱ्याला सांगायचे, त्यांना म्हणा मीठ सरकवा.

शेंडा मागायला फोन कोण करणार? वासुदेवभाऊ दोन आठवडे नुसते घुटमळले. शेवटी त्यांची बायको शांताबाई म्हणाली, थांबा, मी जावेला विचारते. तिने नंबर न बघता लावला. तिकडून लगेच आवाज आला, "काऊन वो, आज सकाळीच? कालच तर बोललो."

वासुदेवभाऊ बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. दोघी जावा इतकी वर्षं बोलतच होत्या.

*

शेंडा आणायला शांताबाई आणि मी एस्टीने अहेरीला गेलो. नामदेवभाऊंनी चहा पाजला, पोहे खाऊ घातले, आमच्या गावच्या पाण्यापावसाची चौकशी केली. काठीचं नाव निघालं की उठून अंगणात जायचे. त्यांच्या बायकोने डोळ्यांनी वर खुणावलं. दाराच्या वर, प्लास्टिकच्या नळीत घालून, शेंडा खिळ्यांवर आडवा ठेवलेला होता. नळीवर धूळ नव्हती.

आम्ही निघताना ते पिशवी घेऊन तयार उभे. म्हणाले, "काठी एकटी नाई पाठवत मी. सोबत येतो."

एस्टीत त्यांनी ती नळी गुडघ्यांमध्ये उभी धरली. बल्लारपूर येईपर्यंत सीटवर आडवी ठेवली नाही.

*

जोड बसेना. पितळेला पितळ घासून अडकायचं. वडील काय लावत होते ते दोघांनाही आठवत होतं, पण बोलणार कसं? वासुदेवभाऊ मला म्हणाले, त्यांना सांगा, बाबा पितळ डोक्याले घासत, केसाचं तेल लागे. नामदेवभाऊ पोचन्नाभाऊला म्हणाले, त्यांना सांगा, मले मालूम हाये.

आता अडचण अशी, की दोघांच्याही डोक्यावर एक केस नाही.

पोचन्नाभाऊ रोज खोबरेल चोपडतात. त्यांनी मान पुढे केली. एका भावाने डावीकडून घासलं, दुसऱ्याने उजवीकडून. जोड आत गेला तेव्हा चुटकी वाजवल्यासारखा आवाज झाला. दोघांचेही हात जोडावरच राहिले. पोचन्नाभाऊही मान तशीच धरून बसले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ वर्धा नदीवर गेले. आमच्यातलं कोणी सोबत गेलं नाही, शांताबाईने जाऊच दिलं नाही. तिने मसाला वाटला, भात टाकला, आणि आम्ही तिच्या ओसरीत वाट बघत बसलो.

ऊन चढल्यावर गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. काठी नामदेवभाऊंच्या खांद्यावर, मासा उचलायची जाळी आणि पिशवी वासुदेवभाऊंच्या हातात, पिशवी रिकामी, आणि दोघं कडाकडा भांडत येत होते. लोक दारात येऊन बघत होते.

"तू ढील काऊन नाई देल्ली?"

"तू जाळी कुठी धरली होती? मासा इकडे, जाळी तिकडे!"

"लहानपणापासून असाच हायेस तू."

"आन् तू? तू कधी आयकलं कोनाचं?"

पोचन्नाभाऊ घाबरून उठले, चप्पल घालायला लागले. शांताबाईने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"बसा भाऊ. मधात पडू नका," ती म्हणाली. डोळ्यांना पदर लावून ती आत गेली आणि आतूनच मला हाक मारली, "रेखाबाई, किराणा दुकानातून अंडे आना. मसाला वाटून ठेवला हाये."