अर्ध्या फुंकेची बासरी

आंबा घाट उतरताना गाडीची काच खाली केली आणि कापलेल्या भाताचा वास आत आला. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पालीला थांबून चहा घेतला, रस्ता विचारला आणि तिथून अर्धा तास आत वळणं घेत बासऱ्या करणाऱ्या आबांच्या वाडीत पोचलो. निवृत्त माणसानं काहीतरी शिकावं असं सगळेच सांगतात. मी बासरी करायला आणि वाजवायला शिकायचं ठरवलं होतं. पुढे जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण ते वगळून नुसतं झाडाझुडपांचं वर्णन करणं मला जमणार नाही.

आबा सत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे. मुलगा मुंबईला नोकरीत, घरात सून वैशाली. पहिल्याच दिवशी आबा मला घरामागच्या बेटात (बांबूच्या दाट जाळीत) घेऊन गेले. बासरीला पातळ सालीचा, लांब पेराचा बांबू लागतो. तोडल्यावर तो वर्षभर सावलीत सुकवायचा, उन्हात टाकला की चिरतो. मग तापलेल्या सळईनं भोकं पाडायची आणि पॉलिश पेपरनं ती कणाकणानं मोठी करत स्वर लावायचे. भोक मोठं झालं की स्वर चढतो, आणि चढलेला स्वर पुन्हा खाली आणता येत नाही. हे आबांनी मला तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा मान डोलावली.

पहिले दोन दिवस मी दोन बोटं भाजून घेतली आणि चार बांबू वाया घालवले. वाजवण्याची तऱ्हा त्याहून वाईट. गाल फुगवून फुंकलं की नुसता वारा निघे आणि डोकं गरगरे. वैशाली घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) काढता काढता म्हणाली की एवढी फुंक आहे तर चुलीशी येऊन बसा. मी हसलो, पण मनाला लागलं.

तिसऱ्या दिवशी आवाज निघाला आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

पडवीत एक नवी लांब बासरी टांगलेली होती. आबांचे मेहुणे म्हादू गावच्या सप्त्यात भजनाला बासरी धरतात. त्यांची जुनी पावसाळ्यात चिरली, म्हणून आबांनी ही केली होती. तेवढ्या लांबीचा सुकलेला बांबू घरात तो एकच होता. घरचे सगळे भाताच्या झोडणीला गेले होते. मी बासरी खाली काढली, हळूच फुंकली आणि समोर स्वर मोजणारा मोबाइल ठेवला.

माझी सगळी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात मापं तपासण्यात गेली. मोबाइलवर एकेक स्वर खाली दिसला, तेव्हा मला आबांची कीव आली. वय झालं, कान उतरला असणार. चारचौघांत त्यांची शोभा नको, म्हणून मी तासभर बसून पॉलिश पेपरनं पाच भोकं थोडी थोडी वाढवली. स्वर काट्यावर आणले. आबा लावतात तसा कडांना तेलाचा हात लावला आणि बासरी जागेवर टांगली. खोटं कशाला बोलू, आपण मोठं पुण्याचं काम केलं असं मला वाटत होतं.

संध्याकाळी म्हादू आले. त्यांनी बासरी ओठाला लावली आणि दोन स्वरांत थांबले. आबांनी ती हातात घेतली, डोळे मिटून फुंकली, पुन्हा फुंकली.

"सगळा चढलाय," ते म्हणाले. "परवा मला बरोबर वाटत व्हता. माजा कान ग्येला, म्हादू."

मी तीन हातांवर बसलो होतो. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द आला नाही.

सकाळी आबांनी सळया गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. वैशाली घाबरी झाली. कानाच्या डॉक्टरला दाखवायला हवं, गाडी न्याल का, म्हणून तिनं विचारलं. मी लगेच किल्ली घेतली. रत्नागिरीपर्यंत सडा (जांभ्याचा उघडा माळ) पिवळ्या गवतानं भरला होता, आणि मी त्या दोघांना त्यांचंच गवत कौतुकानं दाखवत होतो. दवाखान्यात आबांच्या कानांना यंत्र लावलं. बाहेर बाकावर बसून, डॉक्टरांनी काहीतरी दोष काढावा असं मी मनापासून इच्छित होतो. एवढी हलकी इच्छा मी आयुष्यात केली नसेल.

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत.

परतताना आबांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "कान बरा हाय. म्हंजे हात ग्येला."

पाली आली. मी गाडी बाजूला घेतली आणि पुढे बघतच सगळं सांगितलं. आबांनी आधी विचारलं की मी बासरी कशी फुंकली. मी हळूच, असं म्हणालो.

"नव्या मान्साची फुंक अर्दी आसते," ते म्हणाले. "अर्द्या फुंकंत कुटलीबी बासरी खालीच बोलते. बासरी बरोबर व्हती."

वैशाली मागून म्हणाली, "काल ते जेवलं न्हाईत. आन तुमी आमाला गाडीनं डाक्टरकडं आनलात."

मी त्याच दिवशी निघणार होतो. आबांनी राहायला सांगितलं. दोन दिवसांनी सप्ता बसला आणि म्हादू भजनात टाळ घेऊन बसले. लोकांनी बासरीचं विचारलं तेव्हा आबा एवढंच म्हणाले की बिघडली, पुढच्या साली करू. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

निघताना आबांनी ती बासरी माझ्या हातात दिली. "ही तुमी न्या. तुमच्या फुंकंला लावलेली हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

पुण्यात महिनाभर ती मुलीच्या पेटीबरोबर खरंच सुरात वाजली. मी रोज सकाळी बसायचो. हळूहळू फुंक भरत गेली आणि बासरी पेटीच्या वर जाऊ लागली. आता मी नीट फुंकतो, आणि जितकं नीट फुंकतो तितकी ती बेसूर होते.

परवा मुलगी कंटाळून म्हणाली, "बाबा, ही टाकून द्या. करणाऱ्याला कानच नसणार."

"त्यांचा कान उत्तम आहे," मी म्हणालो. "बिघडवली मी."

या वेळी शब्द ताबडतोब आले. पण ऐकायला म्हादू नव्हते, आबाही नव्हते.