आईचा आटा

माझी मुलगी सगळ्या जगाला नाही म्हणू शकते, फक्त मला म्हणत नाही. या गोष्टीचा मला इतकी वर्षं अभिमान होता. आज तिचीच धास्ती बसली आहे. रात्रीचा सव्वा वाजला तरी ती मनातून हलत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

घरात तिला मिस्त्री म्हणतात. हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलं. सहा वर्षांची असताना तिने माझं शिलाई मशीन उघडून जमिनीवर मांडलं होतं. हे कामावरून आले तेव्हा मी कपाळाला हात लावून बसले होते, आणि ही शांतपणे म्हणाली, "बाबा, एक स्क्रू उरलाय, पण मशीन चालतंय." ते मशीन आजही चालतं. स्क्रू कुठला होता ते कुणालाच कळलेलं नाही.

आता ती बत्तीस वर्षांची आहे, एकटी राहते, आमच्यापासून वीस मिनिटांवर. काम एका रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी. पहाटे निघायचं, दवाखान्यादवाखान्यातून नमुने घ्यायचे, बर्फाच्या पेटीत रचायचे आणि ठरलेल्या वेळेच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. उशीर झाला की रक्त बिघडतं, आणि कुणाच्या तरी हातात दुसऱ्यांदा सुई जाते. हे ती कधी विसरत नाही. एकदा लहान बाळाचा नमुना वाया गेला होता, तिच्या नव्हे, दुसऱ्याच्या हातून, तर ही दोन दिवस नीट जेवली नाही.

गाडी तिची स्वतःची, जुनी घेतलेली, टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय ते मला तिनेच सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारं एक छोटं चाक असतं, ते इंजिनात जास्त हवा कोंबतं, म्हणून लहान इंजिनसुद्धा चढावर दमत नाही. पण ते चाक तापून लाल होतं. त्याला थंड ठेवायला बारीक नळीतून कूलंट फिरवावं लागतं.

हे कूलंट गेले दोन महिने कमी होत होतं. तिने मला सांगितलं नाही, अर्थातच. मला कळलं ते तिच्या तोंडून निसटलं म्हणून. भर उन्हाळ्यात ती घरी आली ती घामाने निथळत, चेहरा तांबडालाल. "एसी बंद आहे का गं?" तर म्हणे, "नाही, हीटर चालू होता." इंजिन तापल्याचा काटा वर चढायला लागला तेव्हा तिने गाडीतला हीटर पूर्ण सोडला, खिडक्या उघडल्या आणि चाळीस किलोमीटर तशीच आली. हीटर इंजिनाची उष्णता ओढून घेतो, हे खरंच आहे. पण ती उष्णता जाते कुठे? हिच्या अंगावर.

"थांबायचंस की!"

"पेटीत अठ्ठावीस नमुने होते, आई. ते थांबतात का?"

गॅरेजवाल्याने दोन वेळा गाडी पाहिली. पहिल्यांदा रेडिएटरचं झाकण बदललं. दुसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, खाली एक थेंब नाही. गाडी पाणी पिते म्हणजे तब्येत चांगली आहे तिची." मिस्त्रीने त्याला तिथल्या तिथे ऐकवलं, "तुमच्याकडे आली की ती पिते, आणि पैसे मी देते." आणि गाडी घेऊन निघून आली. त्याला नाही म्हणायला तिला अर्धं मिनिट लागलं नाही.

आज सुट्टीचा दिवस होता, म्हणून गाडी सकाळीच आमच्या मागच्या अंगणात आणून लावली. उद्यापासून तिला नवी फेरी मिळाली आहे, डोंगरापलीकडच्या सात दवाखान्यांची. दीड वर्ष मागत होती. पहाटे पाचला निघायचं आणि लांबच लांब चढ चढून जायचं. तिच्या साहेबांनी बजावून सांगितलं आहे, पहिल्या आठवड्यात कारणं चालणार नाहीत.

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत तिने झाकणाला हात लावला नाही, आणि मलाही लावू दिला नाही. मग कुणाकडून तरी मागून आणलेला हवेचा हातपंप कूलंटच्या टाकीच्या तोंडावर बसवला आणि आत हवा भरली. पंपावरचा काटा हळूहळू उतरायला लागला. म्हणजे कुठून तरी गळत होतं. पण कुठून? खाली खरंच एक थेंब नव्हता.

हे स्टुलावर बसून पाहत होते. आयुष्य पाणीपुरवठ्यात नळ जोडण्यात गेलं, त्यामुळे गळती म्हटली की यांना स्फुरण चढतं. "वास घे," म्हणाले.

तिने इंजिनात नाक खुपसलं. "गोड येतोय, बाबा. या बाजूने."

"मग तिथेच आहे. तापलेल्या जागी गळतं आणि जागच्या जागी वाफ होते. खाली पडायला उरतंय काय?"

माझ्या पावडरच्या डबीतला आरसा कामी आला. तो नळीमागे धरून, मी धरलेल्या विजेरीच्या उजेडात, तिने ती जागा पाहिली. टर्बोला जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी गुलाबी-पांढरट पापुद्रा जमला होता, नळाच्या तोटीला क्षार चढतात तसा. तिथे एक पोकळ बोल्ट असतो. कूलंट त्याच्या पोटातूनच वाहतं. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या चकत्या, त्या दबून बसल्या की गळत नाही. जुन्या चकत्या चेपून निकामी झाल्या होत्या.

पुढचे दोन तास मी विजेरी धरून उभी होते. तिने खाली परात ठेवून कूलंट काढलं, पत्र्याचं आवरण उतरवलं, बोल्ट सोडवला, जागा घासून लख्ख केली आणि नव्या चकत्या बसवल्या. घट्ट करायला तिच्याकडे वेगळा पाना आहे. त्यावर किती जोर द्यायचा तो आकडा लावून ठेवायचा, तेवढा जोर लागला की तो 'टक' करतो. टक झालं की थांबायचं.

टक झालं. ती थांबली.

आणि मी विचारलं, "घट्ट बसला ना गं?"

"बसला."

"नक्की ना? उद्या डोंगर आहे."

"आई, पान्याने सांगितलं की."

"पाना काय सांगणार? तू बघ ना हाताने."

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो आणि तिथला मोरीतला नळ रात्रभर ठिबकायचा. मला झोप लागायची नाही. यांनी तो दुरुस्त केला, तरी मी दोनदा उठून हात लावून पाहिलं. मग यांनी अंथरुणातून उठून पाना घेतला, आणखी पाव फेरा आवळला आणि म्हणाले, "हा तुझ्या नावाचा. आता झोप." तेव्हापासून आमच्याकडे काहीही बसवलं, सायकलचा नट असो की पंख्याचा हुक, की शेवटी एक पाव फेरा जास्त पडतो. त्याला आईचा आटा म्हणतात. हे दर वेळी तोच विनोद करतात, "आटा आईचा, पिटा आमचा." आणि दर वेळी स्वतःच हसतात.

आजही मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मिस्त्री हसली. तिने तो टक करणारा पाना खाली ठेवला, साधा घेतला, म्हणाली, "बरं बाई, हा घे तुझा आटा," आणि पाव फेरा आवळला. यांनी पिटाचा विनोद केला. आम्ही तिघंही हसलो. मला इतकं बरं वाटलं!

मग नवं कूलंट भरलं, गाडी अर्धा तास चालू ठेवली, नळ्या दाबून आतली हवा काढली. काटा मध्यावर, वास नाही, थेंब नाही. तिने माझ्या गालाला ग्रीस लावलं, हात धुतले आणि संध्याकाळी गेली.

जाताना कागद मात्र टेबलावरच राहिले. दुरुस्तीच्या पुस्तकातली छापून आणलेली दहा-बारा पानं, काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेली. झोप येईना म्हणून मी ती वाचत बसले. तिसऱ्या पानावर त्या बोल्टचं चित्र आहे. खाली लिहिलं आहे, बोल्ट पोकळ असल्यामुळे दिलेल्या जोरापलीकडे आवळू नये, मानेशी ताणला जाऊन तडकतो. चुकून जास्त आवळला गेल्यास तो पुन्हा वापरू नये, नवा बसवावा.

या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे. तिची रेघ. सरळ, दोनदा ओढलेली.

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून तिने तो आटा दिला, कारण मी विजेरी धरून उभी होते आणि माझा चेहरा तिला दिसत होता. लहानपणीही अशीच होती. मला थंडी वाजली की ही दोन स्वेटर घालायची. नको असलेलं दूध प्यायची, आणि मागच्या दाराने जाऊन ओकून यायची.

मी यांना उठवलं. यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"आपला नळ भरीव पितळेचा होता गं," म्हणाले. "हा पोकळ आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी बसलो विनोद करत."

"अर्धा तास चालली की गाडी. काही झालं नाही."

"उभ्या गाडीला काय होतंय? चढावर तापेल, उतारावर गार होईल, परत तापेल. तडकायचा असेल तर तिथे तडकेल. कदाचित नाहीही तडकणार."

"तडकला तर ती थांबेल ना?"

दोघांनाही तो हीटर आठवला होता. बंद पडेपर्यंत ती थांबणार नाही. आणि त्या रस्त्यावर, वळणावर, उकळतं कूलंट सांडणारी गाडी घेऊन एकटी उभी राहणार.

फोन करणं सोपं नाही. गेल्या महिन्यातच तिने हात जोडून सांगितलं होतं, "आई, पहाटे गाडी चालवायची असते. रात्री दहानंतर फोन नको. काही झालं तर मीच करेन." ते मी आजवर पाळलं आहे, कसं ते माझं मला माहीत. शिवाय चकत्या दोन उरल्या आहेत, पण बोल्ट नाही, आणि दुकान उघडतं नऊला. बोल्ट बदलायचा म्हणजे दीड वर्ष मागितलेल्या फेरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांना नाही म्हणायचं.

पण मला खरी भीती वेगळीच आहे. मी नेहमीसारखं "मला फार काळजी वाटतेय गं" म्हटलं, तर ती झोपेतल्या आवाजात म्हणेल, "बरं आई, बदलते हं, तू झोप." आणि पाचला तशीच निघेल. तो पुन्हा माझ्या नावाचाच पाव फेरा झाला.

तेव्हा काळजीचा शब्द काढायचा नाही. तिने रेघ मारलेली ओळ तिलाच वाचून दाखवायची. मग म्हणायचं, माझ्यामुळे तू हे चुकीचं केलंस, आणि चूक माझी होती. आता माझी समजूत घालू नकोस. मी तुझी आई नाही असं समज आणि मिस्त्री म्हणून सांग, ही गाडी डोंगरावर न्यायची की नाही? नाही म्हणालीस तर साहेबांशी तू बोल. हो म्हणालीस तर मी एक अक्षर बोलणार नाही.

हे शेवटचं मला जमेल का, माहीत नाही. यांना म्हटलं, तुम्हीच करा ना. म्हणाले, "आटा कुणाचा?"

एक वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. तिला अजून अडीच तासांची झोप मिळाली असती. मी फोन लावते आहे.