तांड्याने ठरवलेला पाढा

रुपीबाईला अक्षरओळख नव्हती, पण शाळा बंद पडल्याचा राग तिच्याइतका कुणालाच आला नाही. मलासुद्धा नाही, आणि मी त्या शाळेचा मास्तर! १९५८ साली पटकीची साथ आली, शाळेला कुलूप लागलं आणि मी दिग्रसला घरी निघून गेलो. रुपीबाईची जमनी तेव्हा चौथीत होती. तिच्या बापाने, गुलाबसिंगने, आधीच बजावलं होतं, "पास झाली तं दिग्रसले पाचवीत. नापास झाली तं बकऱ्या चारील, अन् येत्या साली लगन."

मग रुपीबाईनेच चुलीपुढे शाळा भरवली. जमनीने पाढे म्हणायचे, तिने भाकरी थापत ऐकायचे आणि पोर अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा जमनी म्हणाली, "तेरा नव्वं एकशे सतरा." ओट्यावर टेकलेला तिचा मामा नेमसिंग गरजला, "एकशे एकोणीस!" झालं, मामा-भाचीची जुंपली. तांड्यात वाद झाला की तो नायकापुढे न्यायचा, ही रीत. रुपीबाईने पाढाच नायकापुढे नेला.

पंच बसले. कुणीतरी खडे मांडून मोजू म्हणालं, तसे नायक डोंगरसिंग भडकले. "खडेच मोजाचे होते तं आमाले कायले बोलावलं?"

दुपारभर चिलीम फिरली आणि निकाल लागला, एकशे अठरा. पोरीचाही मान राहिला, मामाचाही.

साथ ओसरली, शाळा उघडली. परीक्षा घ्यायला साहेब आले तेव्हा अख्खा तांडा दारात उभा. साहेबांनी नेमकं तेच विचारलं, "तेरा नव्वं?" जमनीने दाराकडे पाहिलं. नायकांनी मान हलवून धीर दिला. पोरगी हुशार होती हो, पण नायकांचा शब्द मोडायची तांड्यात कुणाची छाती नव्हती.

"एकशे सतरा," जमनी म्हणाली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

साहेबांनी तिला तिथेच पास केलं. संध्याकाळी पंच पुन्हा बसले. पोरीने निकाल मोडला, म्हणून रुपीबाईने साऱ्या तांड्याला गूळ वाटावा, असा दंड ठरला. बाई उठली, घरात गेली आणि गुळाची भेलीच डोक्यावर घेऊन आली.

"एवढ्या लवकर कुठून आनली वं?" नायकांनी विचारलं.

"कालच आनून ठेवली होती, नायक. पोरगी पास होनार होती न!"