जोशीबाईंचा फोन

विभागप्रमुख झाल्यावर मला तीन दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवलं. मतभेद कसे मिटवावेत, निर्णय कसे घ्यावेत, सगळं मी वहीत उतरवून घेत होतो. शेवटच्या दिवशी चहाच्या सुट्टीत दुसऱ्या कॉलेजच्या विभागप्रमुख जोशीबाई व्हरांड्यात फोनवर बोलताना दिसल्या.

"आईंना निवांत दवाखान्यात ने. तुझा उद्याचा तास मी घेते. उपकार कसले गं?"

फोन ठेवून त्या पायरीवरच पुस्तक उघडून बसल्या. "हा धडा शिकवून बारा वर्षं झाली," मला म्हणाल्या, "आज घोकावा लागणार!" आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

मला आमच्या विभागातले प्राध्यापक पाटील आठवले. वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा मागायला आले, तेव्हा मी म्हणालो होतो, "आधी तासांची सोय करा." नियमाने बरोबरच होतं ते. पण माणूस दारात उभा असताना नुसतं बरोबर असणं किती अपुरं पडतं!

तिथूनच पाटलांना फोन लावला. "वडील कसे आहेत?"

ते हळूच म्हणाले, "सर, कॉलेजातून विचारणारे तुम्ही पहिलेच."