टेलिफोनच्या खोलीची खिटी

इमारतीत माणसं कधी येतात आणि कधी जातात हे शोधून काढायचं, हेच माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं काम होतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. अंधेरीला पूर्वेकडे, स्टेशनपासून बसने जावं लागे अशा ठिकाणी कंपनीने नवी कचेरी बांधली होती आणि ती सगळीच्या सगळी वातानुकूलित होती. उपनगरात तेव्हा याचं भारी कौतुक. नातेवाईक मला विचारायचे, "खरंच स्वेटर घालून बसतात का रे?" मी हो म्हणायचो. स्वतः मात्र तळमजल्यावर यंत्रांच्या खोलीत बनियनवर घामाने निथळत असायचो.

वरच्या प्रत्येक मोठ्या खोलीला हवा पोचवणारा एक पंखा आमच्या खोलीत होता. त्याला आम्ही ब्लोअर म्हणायचो. तिथून पत्र्याची चौकोनी नळी निघून भिंतीतून वर जायची. प्रत्येक ब्लोअरला एक घड्याळ होतं. काटे नसलेली गोल तबकडी, दिवसाला एक फेरी मारणारी, कडेने भोकं पाडलेली. भोकात खिटी, म्हणजे बारीकशी खुंटी, खोचली की त्या वेळेला ब्लोअर सुरू, पुढच्या खिटीला बंद. खोलीत माणसं असतील तेव्हा हवा, नसतील तेव्हा नाही. कागदावर अगदी सोपं.

मी डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो, प्रोबेशनवर. आणि पार्ल्याच्या एका घरात माझं लग्न ठरता ठरता थांबलं होतं. मुलीच्या वडिलांनी चहाचा कप पुढे करत एवढंच म्हटलं होतं, "पर्मनंट झालात की तारीख काढू." मुलगी मला पसंत होती, फारच पसंत होती. त्यामुळे पर्मनंट हा शब्द मी तेव्हा झोपेतही पुटपुटत असेन.

आमचे साहेब, म्हणजे चीफ इंजिनियर, म्हणाले, "प्रत्येक खोलीत जा, विचार, वेळा घेऊन ये." मी गेलो. कोण किती वाजता येतो असं एक नवखा माणूस विचारतोय म्हटल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला, लेट मार्क मारायला माणूस पाठवलाय. मग काय! जो तो वेळेच्या आधी हजर, संध्याकाळी घंटा वाजली की घरी. एका सेक्शनने तर आम्ही चहाला जागचे उठतही नाही असं सांगितलं. मी भाबडेपणाने ते साहेबांपुढे ठेवलं, त्यांनी सही केली, मी खिट्या खोचल्या आणि वाट लागली. सकाळी रिकाम्या खुर्च्या गारठायच्या आणि संध्याकाळी ओव्हरटाइमला बसलेले लोक फायलींनी वारा घेत मला शिव्या घालायचे. "अरे, मग खोटं का सांगितलंत?" मी भडकून विचारायचो. "यार, तू आधी सांगायचं ना, हवेसाठी विचारतोय म्हणून!"

एकेक खिटी मी साहेबांची परवानगी घेऊन पुन्हा बसवली. साहेबांचा तो दंडकच होता. त्यांना विचारल्याशिवाय खिटीला हात लावायचा नाही.

टेलिफोनच्या खोलीचीच तेवढी राहिली होती. तिथल्या ऑपरेटर चाळिशीच्या होत्या, सगळी कचेरी त्यांना ताई म्हणायची. त्यांनीही खोटंच सांगितलं होतं, पण उलट्या बाजूने. "मी सगळ्यांबरोबरच येते रे," असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं.

यंत्रं सुरू करायला मी सगळ्यांच्या आधी यायचो. एके सकाळी अजून एकही ब्लोअर चालू नव्हता आणि पत्र्याच्या नळीतून आवाज आला. बाईचा, खालच्या पट्टीतला, एकाच सुरावर ठाम उभा. वॉचमनचा रेडिओ असेल असं वाटलं, पण मध्येच खोकला आला. रेडिओ खोकत नाही. मी जिना चढून आवाजामागे गेलो आणि टेलिफोनच्या खोलीचं दार ढकललं.

त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेरचा गलबला बोलण्यात येऊ नये म्हणून भिंतींना बारीक भोकांच्या फळ्या ठोकल्या होत्या. दार लावलं की आतलं गाणं कॉरिडॉरमध्ये ऐकू येत नसे आणि आत हवाही येत नसे. ताई घामाने चिंब होऊन बसल्या होत्या, पदराने तोंड पुसत.

"कोणाला सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या. "घरी दोन खोल्या. भाऊ रात्रपाळी करून येतो, सकाळी झोपतो. तिथे मी सा लावला तर वहिनी मला घराबाहेर काढेल. वॉचमन चांगला आहे, सोडतो मला आत."

"पण इथे गुदमरून जाल, ताई."

"गुदमरते ना. पण गाते."

मी खाली आलो आणि ती खिटी काढून तासभर अलीकडे खोचली. साहेबांना विचारायला गेलो असतो तर ताईंचं नाव सांगावं लागलं असतं. हवा गार करणारं मोठं यंत्र मी लावलं नव्हतं. नुसता ब्लोअर, बाहेरची सकाळची हवा आत ओढणारा. ती हवा म्हणजे कधी पार्ल्याकडून येणारा भाजलेल्या बिस्किटांचा वास, तर कधी जोगेश्वरीच्या तबेल्यांचा. ताई म्हणायच्या, "आज तुझ्या हवेला शेण लागलंय रे." पण त्यांचा चेहरा आता लालबुंद नसायचा. माझं मात्र नुकसान झालं. ब्लोअर सुरू झाला की त्याच्या घरघरीत नळीतलं गाणं बुडून जायचं. खिटीची टकटक होईपर्यंत जे दोन-चार सूर कानावर पडतील तेवढेच माझे.

पुढे हेड ऑफिसचे लोक यंत्रं बघायला यायचे होते, त्या दिवशी साहेब अचानक भल्या सकाळी हजर झाले. यंत्रांच्या खोलीत शिरले आणि थबकले. "हा ब्लोअर का चालू आहे?" त्यांनी घड्याळाचं झाकण उघडलं, खिटी पाहिली आणि ब्लोअर बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"कोणाला विचारून?"

"चूक झाली, साहेब."

"चूक आपोआप होत नाही. कोणी सांगितलं हे करायला?"

ताईंचं नाव ओठांपर्यंत आलं होतं, खोटं कशाला बोलू. पार्ल्याचं घर, चहाचा कप, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं.

"बोलत नाहीस? ठीक आहे. जो न विचारता खिटीला हात लावतो तो उद्या मशीनला लावेल. तुझा पर्मनंटचा कागद मी पुढे पाठवणार नाही."

ब्लोअर बंद असला की वरचा आवाज खाली येतो हे मला ठाऊक होतं. खालचा वर जातो हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जिन्यावर चपला वाजल्या आणि ताई दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, ती खिटी माझ्यासाठी आहे. मी रोज लवकर येऊन वर गाते. ह्याने माझं नाव सांगितलं नाही, एवढाच ह्याचा गुन्हा."

साहेबांनी तबकडीवरची खिटी उपटून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "बाई, उद्यापासून वेळेच्या आधी आत यायचं नाही. वॉचमनला मी सांगतो." आणि माझ्याकडे वळून, "खिटी जागेवर लाव." माझा कागद त्यांनी त्याच आठवड्यात पुढे पाठवला.

मी ताईंना गाठून म्हटलं, "कशाला आलात खाली? माझं मी बघितलं असतं."

"काय बघितलं असतंस? लग्न अडलं होतं ना तुझं? सगळ्या कचेरीला ठाऊक आहे. गाणं काय, कुठेही होतं."

अंधेरीत त्यांच्यासाठी असं 'कुठेही' कुठेच नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्यांबरोबर यायला लागल्या. सकाळी मी खालच्या खोलीत एकटा असायचो, नळ्या मुक्या असायच्या आणि मला रडू यायचं. अशी माणसं भेटायला नशीब लागतं. ते माझ्याकडे होतं.

लग्न झालं. संध्याकाळी पार्ल्याच्या हॉलमध्ये रिसेप्शन होतं. मी हॉलच्या माणसाला सांगून ठेवलं होतं, पंखे तासभर आधीपासून चालू ठेव. "एवढ्या लवकर येणार कोण?" तो कुरकुरला. मी म्हटलं, येईल कोणीतरी.

ताई आल्या. सगळ्यांच्या आधी, रिकाम्या खुर्च्यांमधून, हातात गजरा घेऊन. गजरा त्यांनी बायकोच्या केसांत माळला. मग वर पंख्यांकडे बघितलं आणि हसल्या.

"बंद करतोस का जरा? फार घरघरतात."

मी बंद केले. आम्ही दोघं कोऱ्या कपड्यांत घामाघूम होऊन बसलो आणि ताईंनी तो खालचा सा लावला. दोन-चार सूर नाही, सगळं गाणं. बायकोने हळूच विचारलं, "ह्या कोण?"

"ह्यांच्यामुळे तू इथे आहेस," मी म्हटलं.

पाहुण्यांच्या टॅक्स्या वाजायला लागल्या. हॉलचा माणूस दारात ताटकळत होता, पण गाणं संपेपर्यंत मी त्याला पंख्यांच्या बटणांना हात लावू दिला नाही.